लाल अक्षर आणि कावेरीचा काठ

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीचा शेवट दोन थडग्यांपाशी होतो. बॉस्टनच्या जुन्या दफनभूमीत एका खचलेल्या थडग्याशेजारी नवे थडगे खोदले जाते. दोहोंच्या मध्ये थोडे अंतर राखलेले आहे. जिवंतपणी ज्यांना एकत्र येऊ दिले नाही त्यांची मातीही एकत्र येऊ नये, असा जणू गावाचा निर्णय आहे. तरीही दोघांच्या उशाशी शिळा मात्र एकच. एक थडगे धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेलचे, दुसरे हेस्टर प्रिनचे. व्यभिचाराबद्दल जिच्या छातीवर लाल कापडाचे अक्षर जन्मभरासाठी लावले गेले, ती ही हेस्टर.

तंजावरहून दहा-बारा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु येथे संत त्यागराजांची समाधी आहे. त्यागराजांनी १८४७ च्या जानेवारीत देह ठेवला. त्यांच्या समाधीच्या जवळच, तिच्याकडे तोंड करून, हात जोडलेल्या एका स्त्रीची मूर्ती आहे. ती समाधी बंगळूर नागरत्नम्मा यांची; त्यांचा मृत्यू १९५२ सालचा. या दोन समाध्यांमध्ये शंभरांहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि कोणतेही पाप नाही. बॉस्टनच्या दफनभूमीशी या जागेची तुलना करणे म्हणूनच प्रथमदर्शनी ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु नागरत्नम्मा देवदासी होत्या, त्यांनी प्रकाशित केलेला ग्रंथ सरकारने अश्लील ठरवून जप्त केला होता, आणि ज्या समाधीसमोर त्या आज हात जोडून बसल्या आहेत तेथे गाण्याची मुभा एके काळी कोणत्याही स्त्रीला नव्हती. एवढे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे हे उमगते. समाजाने चारचौघांत लावलेल्या कलंकाचे पुढे काय होते, आणि ज्याला उद्धार म्हणतात तो नेमका कोणाचा व कोणत्या अटीवर होतो, हा तो प्रश्न.

मराठी भाषेत कलंक ‘लागतो’ आणि ‘धुतला’ जातो; तोंडाला काळे ‘फासले’ जाते; अब्रू ‘जाते’ किंवा ‘राखली’ जाते. या क्रियापदांमागे एक गृहीत आहे. लाज ही बाहेरून अंगावर येणारी आणि योग्य उपायाने पुसून टाकता येणारी गोष्ट आहे, हे ते गृहीत. त्यामुळे तिच्यातून सुटण्याचा रूढ मार्गही विधीचाच राहिला. गावाने वाळीत टाकावे, शास्त्र्यांनी प्रायश्चित्त सांगावे, ते घेतले की पुन्हा पंगतीला पान मिळावे. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाच्या प्रकरणात (१८९०) न्यायमूर्ती रानड्यांसारख्या पुरुषालाही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घ्यावे लागले, ते याच व्यवस्थेच्या बळावर. अशा प्रायश्चित्ताने पंगत पूर्ववत होते. दोष देणाऱ्याच्या मनात काय पालट झाला हे मात्र कोणी विचारीत नाही.

हॉथॉर्न यांच्या कादंबरीतील कलंक या जातीचा नाही. तो धुण्याजोगा डाग नसून शिवलेले अक्षर आहे, आणि ते अक्षर हेस्टरने स्वतःच्या हातांनी शिवलेले आहे. कादंबरीच्या प्रारंभी ती तीन महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन तुरुंगाच्या दारातून बाहेर येते तेव्हा जमलेल्या बायकांची नजर सर्वप्रथम त्या अक्षरावरील सोनेरी भरतकामाकडे जाते. शिक्षा देणाऱ्यांनी कापडाचा एक तुकडा सांगितला होता. हेस्टरने त्याचे कलाकुसरीचे काम केले. काही बायकांना हा निर्लज्जपणाचा कळस वाटतो. त्यांचे वाटणे अगदीच चुकीचे नाही. ज्या चिन्हाने माणसाला लहान करायचे, त्यालाच त्या माणसाने आपल्या कसबाचा विषय करावा, यात शिक्षेचा थोडाफार पराभव असतोच.

पुढील सात वर्षे हेस्टर गावाच्या कडेला, समुद्राजवळच्या झोपडीत राहते आणि सुईवर पोट भरते. गव्हर्नरच्या गळपट्टीवर तिचे भरतकाम आहे, लष्करी अधिकाऱ्यांच्या पट्ट्यांवर आहे, तान्ह्या मुलांच्या टोपड्यांवर आहे, प्रेताच्या वस्त्रावरही आहे. नाही ते एकाच ठिकाणी. नववधूच्या अवगुंठनासाठी तिची सुई कोणी कधी मागितली नाही. समाज पतित ठरविलेल्या व्यक्तीच्या श्रमावर जगतो, तिच्या कलेने नटतो, आणि तरीही एक रेघ ओढून ठेवतो, हे सत्य कादंबरीकाराने या एका तपशिलात ठेवले आहे.

हळूहळू अक्षराचा अर्थ पालटतो. हेस्टर आजाऱ्यांच्या उशाशी बसते, गरिबांच्या शिव्या ऐकून घेऊन त्यांना अन्न देते, मृत्यू झालेल्या घरी सर्वांआधी पोहोचते. लोक म्हणू लागतात की ते अक्षर तिच्या सामर्थ्याचे आहे. येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट पाहावयास हवी. गावाने हेस्टरला क्षमा केल्याचा प्रसंग कादंबरीत कोठेही नाही. कोणी शिक्षा मागे घेत नाही, कोणी अक्षर काढून घेत नाही. चिन्ह तेच राहते. ते वाहणाऱ्या व्यक्तीच्या कृतीने त्याचा अर्थ पालटतो. इतकेच नव्हे, तर युरोपात निघून गेलेली हेस्टर अनेक वर्षांनी बॉस्टनला परतते आणि तेच अक्षर पुन्हा छातीवर लावते. त्या वेळी तिच्यावर कोणाचीही सक्ती नसते.

या उद्धाराला एक मर्यादा आहे आणि ती हॉथॉर्न यांनी लपविलेली नाही. हेस्टर गप्प राहते. वधस्तंभाच्या चौथऱ्यावर उभी असताना मुलीच्या बापाचे नाव सांगण्यास ती नकार देते, ते तिचे शौर्य आहे. पण ज्या न्यायाने तिला तेथे उभे केले त्या न्यायालाही ती कधी उघड प्रश्न विचारीत नाही. मनातून ती फार पुढे गेलेली असते. स्त्री-पुरुष संबंधांची सारी मांडणी मुळातून बदलली पाहिजे, असे तिला वाटते. शेवटी दुःखी स्त्रिया तिच्या दाराशी सल्ला मागायला येऊ लागतात तेव्हा ती त्यांना सांगते की एक दिवस हे सत्य प्रकट होईल. मात्र ते सांगणारी स्त्री आपण असू शकत नाही, कारण आपण कलंकित आहोत, ही समजूत तिने शेवटपर्यंत मान्य केलेली आहे. गावाने अक्षराचा अर्थ बदलला; हेस्टरने स्वतःविषयीचा निकाल बदलला नाही. कादंबरीतील खरी शोकांतिका डिम्सडेलच्या मृत्यूपेक्षा येथे अधिक आहे.

मराठी वाचकाला या कादंबरीची ओळख पटविण्यास फार लांब जावे लागत नाही. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात लीला बेणारे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे आणि प्राध्यापक दामले नाटकभर गैरहजर आहेत. ज्याने उत्तर द्यावयाचे तो नसतो आणि जी हजर असते तिच्यावर सारे कोर्ट चालते. डिम्सडेल गैरहजर नाही, तो न्याय देणाऱ्यांच्या बाजूला सज्जात उभा आहे. फरक असलाच तर एवढाच. जाहीर लाज ही बहुधा एकट्या स्त्रीच्या वाट्याला येते आणि तिच्यावरील खटला हा समूहाचा करमणुकीचा कार्यक्रमही असतो, ही गोष्ट सतराव्या शतकातील बॉस्टन आणि विसाव्या शतकातील मुंबई यांत सारखीच आहे. मात्र बेणारेलाही कोर्ट मनमोकळेपणाने बोलू देत नाही. तिचे दीर्घ स्वगत ऐकायला रंगमंचावर कोणी जागे नसते. कलंकित ठरविलेल्या स्त्रीने स्वतः लेखणी हाती घेऊन, न्यायाधीशाचे नाव घेऊन, छापील उत्तर दिले तर काय होईल? त्या प्रश्नाचे उत्तर तंजावरच्या इतिहासात आहे.

तंजावरला भोसल्यांचे राज्य १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी स्थापिले आणि १८५५ पर्यंत ते टिकले. या दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या भाषा एकाच वेळी नांदल्या. सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते आजही त्याची साक्ष देतात. प्रतापसिंह (कारकीर्द १७३९ ते १७६३) यांनी स्वतः मराठीत नाटके लिहिली. त्यांच्याच दरबारात मुद्दुपळनी ही तेलुगू कवयित्री होती. ती गणिका होती, राजाच्या आश्रयाला होती, संगीत-नृत्यात आणि संस्कृत व तेलुगू साहित्यात पारंगत होती. ‘राधिका सांत्वनमु’ हे तिचे ५८४ पद्यांचे शृंगारकाव्य. त्यात राधेने स्वतः वाढविलेल्या इळेचे कृष्णाशी लग्न लागते. राधाच त्या मुलीला आणि कृष्णाला मीलनाविषयी चार गोष्टी सांगते. आणि मग तीच राधा मत्सराने पोळून निघते. अखेर कृष्णाला तिची मनधरणी करावी लागते. शृंगाराच्या परंपरेत नायिकेचा रुसवा नवा नाही. नवे आहे ते हे की येथे वयाने मोठी, अनुभवी स्त्री आपली इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगते आणि काव्य तिच्या बाजूने उभे राहते.

त्याहूनही लक्षणीय आहे ती या काव्याची प्रस्तावना. मुद्दुपळनीने तीत आपली वाङ्मयीन वंशावळ दिली आहे, आणि ती आजी व आत्या या स्त्रियांमार्फत सांगितली आहे. त्या दोघींनाही ती कवयित्री म्हणून मान देते. स्वतःच्या विद्वत्तेचा, रूपाचा आणि दातृत्वाचा उल्लेख ती संकोच न करता करते. लाजेचा लवलेशही या मजकुरात नाही, कारण लाजावे असे आपल्या स्थानात काही आहे, असे तिला वा तिच्या दरबारी श्रोत्यांना वाटत नव्हते. दक्षिणेत देवदासी ‘नित्यसुमंगली’ मानली जाई. देवाशी लग्न झालेली स्त्री कधी विधवा होत नाही, म्हणून नववधूच्या ताळीचे मणी तिच्या हातून ओवून घेण्याची चाल होती. बॉस्टनमध्ये जी एक गोष्ट हेस्टरच्या सुईला वर्ज्य होती, नेमकी तीच कावेरीच्या खोऱ्यात देवदासीच्या बोटांकडून मागून घेतली जात असे. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. राजाश्रय हा मालकीचाही एक प्रकार होता आणि नित्यसुमंगलीला स्वतःच्या संसाराचा पर्याय नव्हता. मात्र एवढे निश्चित की मुद्दुपळनीच्या छातीवर तिच्या हयातीत कोणी अक्षर लावले नव्हते.

ते लागले तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी, आणि ते लावणारा हात साहित्याच्या इतिहासकाराचा होता. कंदुकूरी वीरेशलिंगम पंतुलु हे आंध्रातील थोर समाजसुधारक. १८८१ मध्ये राजमहेंद्रीस त्यांनी विधवाविवाह घडवून आणला आणि त्यासाठी सनातन्यांचा छळ सोसला. तेलुगू कवींचा चरित्रात्मक इतिहास लिहिताना त्यांनी मुद्दुपळनीची विद्वत्ता आणि तिच्या भाषेचा गोडवा मान्य केला; पण ती वेश्याकुळातील आहे, स्त्रीला स्वाभाविक असणारी लज्जा तिच्या ठायी नाही, आणि तिच्या काव्याचा बराच भाग स्त्रीने उच्चारणे तर दूरच, ऐकण्याजोगाही नाही, असा निकाल दिला. या निकालात एक विचित्र गोष्ट आहे. विधवेच्या बाजूने उभा राहणारा सुधारक गणिकेच्या बाबतीत बॉस्टनच्या न्यायाधीशाच्या आसनावर बसतो. याचे कारण त्याच्या काळात शोधावे लागते. इंग्रजी राज्याने आणलेली शिष्टतेची कल्पना आणि नव्या सुशिक्षित वर्गाची कुलस्त्रीची कल्पना यांची सांगड पडून लज्जा हा स्त्रीच्या प्रतिष्ठेचा पहिला पुरावा झाला होता. ज्या स्त्रीजवळ तो पुरावा नाही तिच्यासाठी सुधारणेच्या घरातही जागा नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या गेलेल्या आवृत्तीतून तिची प्रस्तावनाच गळली होती, ही गोष्टही तिच्या या नव्या प्रतिमेशी सुसंगत होती. काव्य उरले, ते लिहिणारी बाई, तिची आजी आणि तिची आत्या नाहीशा झाल्या.

नागरत्नम्मा यांचा या कथेत प्रवेश होतो तो संपादक म्हणून. म्हैसूर संस्थानात, नंजनगूडजवळ, १८७८ मध्ये देवदासी कुळात त्यांचा जन्म झाला. मद्रासला त्या गायिका म्हणून नावारूपाला आल्या. संस्कृत, तेलुगू, कन्नड यांचा त्यांचा अभ्यास होता आणि त्या हरिकथाही करीत. मुद्दुपळनीच्या काव्याची छापील प्रत त्यांनी वाचली, तिच्यातील उणेपणा त्यांच्या ध्यानी आला, आणि हस्तलिखित मिळवून, ताडून पाहून, प्रस्तावनेसह संपूर्ण काव्य त्यांनी १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ या प्रकाशनसंस्थेकडून प्रसिद्ध केले. संपादनाच्या दृष्टीने हे काम शुद्ध पाठचिकित्सेचे आहे. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे गळलेले नाव-गाव तिला परत दिले, असाही त्याचा अर्थ होतो.

पंतुलूंना त्यांनी दिलेले उत्तर या आवृत्तीइतकेच महत्त्वाचे आहे. लज्जा आणि औचित्य यांचा प्रश्न स्त्रियांपुरताच आहे काय, पुरुषांना तो लागू नाही काय, असे त्यांनी विचारले. प्रतिष्ठित पुरुष-कवींनी मीलनाची वर्णने याहून उघड केली आहेत. स्वतः पंतुलूंनी तपासून मान्य केलेल्या ग्रंथांतही ती आहेत. मग तेथे जे काव्य ठरते ते येथे बीभत्स कसे? या प्रश्नात रडगाणे नाही आणि क्षमायाचनाही नाही. देवदासी असणे म्हणजे कलंकित असणे, हे गृहीतच त्या स्वीकारीत नाहीत. हेस्टर जेथे थांबली होती तेथून नागरत्नम्मा सुरुवात करतात. सत्य सांगण्याचा अधिकार कलंकित स्त्रीला नाही, असे हेस्टरने मान्य केले होते. नागरत्नम्मांनी मान्य केले नाही.

या धैर्याचे बक्षीस त्यांना मिळाले ते जप्तीच्या रूपाने. तेलुगू नियतकालिकांतून टीका झाली आणि १९११ मध्ये पोलिसांनी ग्रंथाच्या प्रती ताब्यात घेतल्या. पंडितांनी आणि प्रकाशकांनी केलेली अर्जविनंती व्यर्थ गेली. पुढील छत्तीस वर्षे हे काव्य कायद्याने अश्लील होते. टंगुटूरी प्रकाशम मद्रासचे मुख्यमंत्री असताना बंदी उठविण्याचा निर्णय झाला आणि १९४७ मध्ये ती उठली. नवी आवृत्ती निघाली ती १९५२ मध्ये.

दरम्यान नागरत्नम्मांच्या आयुष्याने दुसरेच वळण घेतले होते. त्यागराजांची समाधी पडझडीला आली आहे, असे त्यांना आपल्या गुरूंकडून, बिडारम कृष्णप्पांकडून, कळले. १९२१ मध्ये त्यांनी तेथे जागा मिळवून बांधकामास प्रारंभ केला आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत समाधीवर मंदिर उभे राहिले. त्यासाठी त्यांनी आपले दागिने आणि मिळकत खर्ची घातली. त्या काळी आराधनेचा उत्सव दोन गटांत विभागलेला होता आणि दोन्ही गट पुरुषांचे होते. समाधीसमोर स्त्रियांनी गाऊ नये, हा दंडक दोघांनाही मान्य होता. मंदिर बांधणारी स्त्री त्याला अपवाद नव्हती. तेव्हा नागरत्नम्मांनी स्त्रियांचा तिसरा गट उभा केला. मंदिराच्या मागील बाजूस त्यांचे गायन होऊ लागले. अखेर १९४० च्या सुमारास तिन्ही गटांचा समेट झाला आणि आराधना एक झाली. पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुस पंचरत्न कृतींचे सामुदायिक गायन होते तेव्हा आज स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर बसून गातात. त्या बैठकीमागे हा सारा इतिहास आहे.

येथवर आलेला वाचक सहजच म्हणेल की नागरत्नम्मांचा उद्धार झाला. देवदासीचे संतसेविकेत रूपांतर झाले, जप्तीची जागा समाधीने घेतली. मराठी मनाला हे कथासूत्र ओळखीचे आहे. मंगळवेढ्याच्या गणिकेची मुलगी कान्होपात्रा विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवते आणि मंदिराच्या आवारातच तिला विसावा मिळतो, असे परंपरा सांगते. तेथील तरटीचे झाड तिचे म्हणून दाखविले जाते. पण याच सूत्रापाशी चिकित्सक बुद्धीने थोडे थबकले पाहिजे. तिरुवैयारुस मान मिळाला तो भक्त नागरत्नम्मांना. ज्या वर्षांत त्या मंदिर बांधीत होत्या, त्याच वर्षांत संपादक नागरत्नम्मांचा ग्रंथ कायद्याच्या कुलुपात होता. एकाच स्त्रीविषयी समाजाने एकाच वेळी दोन निकाल दिले होते: तिची भक्ती स्वीकारली, तिचा युक्तिवाद नाकारला. बॉस्टनच्या लोकांनीही हेस्टरची सेवा स्वीकारली होती, तिचे विचार त्यांना ठाऊकच नव्हते. पतित ठरविलेल्या स्त्रीला परत घेताना समाज बहुधा तिची सेवा आणि तिचे वैराग्य घेतो. तिची बुद्धी तो उंबऱ्याबाहेर ठेवतो. उद्धाराच्या कथा ऐकताना ही किंमत मोजून पाहिली पाहिजे.

या हिशोबाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवदासीप्रथा बंद व्हावी यासाठी झटणाऱ्या डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांची आई देवदासी कुळातील होती. तंजावर जिल्ह्यातच वाढलेल्या मूवलूर रामामिर्तम अम्मैयार याही त्याच समाजातल्या. त्यांनी १९३६ मध्ये ‘दासिगळ मोसवलै’ ही तमिळ कादंबरी लिहून या प्रथेतील फसवणूक उघडी केली. लहान मुलींच्या गळ्यात त्यांना न विचारता देवाच्या नावाने पोट्टू बांधला जात होता, हे वास्तव होते, आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने त्याला बंदी घातली हे योग्यच झाले. नागरत्नम्मा मात्र देवदासींच्या संघटनेच्या अग्रभागी राहून अशा कायद्याला विरोध करीत होत्या. आपली विद्या, आपला वारसाहक्क आणि आपले नाव यांना एकाच फटक्यात वेश्याव्यवसाय ठरविले जात आहे, ही त्यांची तक्रार होती. दोन्ही बाजूंच्या स्त्रियांना एकाच अक्षराशी झगडावयाचे होते. एकीला ते अक्षर पुढच्या पिढीच्या गळ्यात पडू द्यावयाचे नव्हते. दुसरीला मागच्या पिढ्यांच्या छातीवरून ते काढावयाचे होते. प्रथा संपली पाहिजे आणि कवयित्रीचा सन्मान राहिला पाहिजे, या दोन गोष्टी एकत्र धरण्याची उदारता त्या काळाच्या वादात फारशी दिसत नाही. वाद शमल्यानंतर ती दाखविणे हे पुढच्यांचे काम ठरते.

या ‘पुढच्यां’मध्ये समीक्षक आणि साहित्याचे अध्यापक आघाडीवर येतात, म्हणून हॉथॉर्न यांच्या कादंबरीतील प्रास्ताविक प्रकरणाची येथे आठवण करणे उचित होईल. जकातकचेरीच्या त्या प्रकरणात कादंबरीकार आपल्या पूर्वजांविषयी लिहितो. त्यांच्यापैकी जॉन हॅथॉर्न हे सेलमच्या १६९२ च्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होते. त्या निरपराध स्त्रियांच्या रक्ताचा डाग आपल्या कुळावर आहे, आणि लेखक या नात्याने पूर्वजांची ती लाज आपण आपल्याकडे घेत आहोत, अशी त्याची भूमिका आहे. पुढे त्याच कचेरीत, जुन्या कागदपत्रांत, त्याला जीर्ण लाल अक्षर सापडल्याचे तो सांगतो. तो ते क्षणभर आपल्या छातीशी धरतो आणि त्याला चटका बसतो. तो कागद आणि ते कापड ही अर्थातच कल्पिते आहेत. परंतु न्यायाधीशाच्या वंशजाने आरोपीचे अक्षर स्वतःच्या छातीवर ठेवून पाहावे, ही कल्पना मात्र या ग्रंथाचा नैतिक गाभा आहे. या कादंबरीत लाजेचा धनी अखेर बदलतो. ती हेस्टरची राहत नाही. ज्यांनी तिला उभे केले त्यांच्या वंशाची होते.

साहित्याचे इतिहासकारही अशाच एका न्यायाधीशांच्या कुळाचे वारस असतात. कोणते काव्य सभ्य, कोणते ग्राम्य. कोणती कवयित्री, कोणती नुसती कलावंतीण. कोणाची प्रस्तावना ठेवावयाची, कोणाची गाळावयाची, हे निकाल त्यांच्याच लेखणीतून उतरले आहेत. मराठीलाही हे नवीन नाही. लावणी आणि तमाशा यांच्याविषयी येथील सुशिक्षितांनी दीर्घकाळ जी भाषा वापरली ती पंतुलूंच्या भाषेहून फार वेगळी नव्हती. शाहिरांच्या रचना अभ्यासक्रमात आल्या त्याही निवडून-पाखडून, आणि त्या फडावर उभ्या राहून गाणाऱ्या स्त्रियांची नावे त्या निवडीतही क्वचितच आली. मुद्दुपळनीला निदान नागरत्नम्मा भेटल्या. ती भेट झाली नसती तर तेलुगू वाङ्मयेतिहासातील एक निकाल निकाल म्हणून न राहता वस्तुस्थिती म्हणून पुढील पिढ्यांनी पाठ केला असता. १९९१ मध्ये भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा इंग्रजी संग्रह सूझी थारू आणि के. ललिता यांनी संपादित केला, तेव्हा या दोन्ही स्त्रियांची हकीगत तेलुगू जगाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोहोचली. २०११ मध्ये काव्याचा इंग्रजी अनुवादही आला. तंजावरच्या मराठी राजाच्या दरबारात निर्माण झालेले हे काव्य मराठी वाचकाला बव्हंशी अपरिचितच आहे, याची नोंद येथे करावीशी वाटते.

‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी विद्यापीठांतून पाप आणि पश्चात्ताप यांची कथा म्हणून शिकविली जाते, आणि डिम्सडेलच्या दृष्टीने ती तशी आहेही. आपला अपराध लपविल्यामुळे तो आतून कुरतडला जातो आणि लोकांसमोर कबुली दिल्यावरच सुटतो. हेस्टरची आणि तंजावरच्या त्या दोन स्त्रियांची कथा या चौकटीत बसत नाही. त्यांच्या बाबतीत कबुली देण्याची वेळ इतरांची होती. जाहीर लाजेला खरा उतारा जाहीर पुनर्विचाराचाच असतो. ज्या ठिकाणी निकाल लिहिला गेला त्याच ठिकाणी तो तपासला गेला पाहिजे, इतिहासात लिहिला असेल तर इतिहासात आणि पाठात गाळला असेल तर पाठात. नागरत्नम्मांनी १९१० मध्ये केले ते हेच. त्यांच्या समाधीवर हारफुले वाहणाऱ्यांना त्यांनी बांधलेले मंदिर दिसते. त्यांनी जुळविलेला पाठ दिसण्यासाठी ग्रंथालयात जावे लागते. मुद्दुपळनीच्या काव्याची प्रत तेथे हाती आली तर वाचकाने आधी तिची प्रस्तावना उघडावी. आजी, आत्या आणि नात अशा तीन कवयित्री तेथे एकामागून एक उभ्या आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही छातीवर अक्षर नाही.